एका पेढ्यानं काय होतं?

दुपारचे चार वाजले की आमच्या ऑफिसच्या जिन्यात तुपाचा वास येतो.

आमचं ऑफिस जबलपूरच्या बडा फुहाऱ्यापासून एक गल्ली आत, दुसऱ्या मजल्यावर आहे. बडा फुहारा म्हणजे मोठं कारंजं. पण आता ते नाव कारंज्यापुरतं राहिलेलं नाही, चौकाला आणि भोवतालच्या अख्ख्या बाजारालाच लोक बडा फुहारा म्हणतात. कापडाची दुकानं, सराफा, हातगाड्या, आणि थोडं पुढे कमानिया गेट. १९३९ साली इथून जवळच त्रिपुरीला काँग्रेसचं अधिवेशन झालं, सुभाषबाबू त्याचे अध्यक्ष होते. त्याची आठवण म्हणून ती कमान उभी आहे. आणि त्या कमानीच्या आसपास मिळते आमची खोवा जिलेबी.

ही जिलेबी म्हणजे तुमची नेहमीची केशरी, कुरकुरीत जिलेबी नव्हे. ही खव्याची. जाडसर, काळपट तपकिरी, आतून मऊ आणि पाकानं जड झालेली. १८८९ पासून ती इथे बनते, असं जबलपूरची माणसं अभिमानानं सांगतात. एक खाल्ली की पोट भरतं, पण मन भरत नाही.

अशा ठिकाणी बसून वजन कमी करायचं ठरवलं, तर काय काय होतं, ते आज सांगते.

तेवीस दिवस, चौदा डबे

आधी माझी ओळख. माझे आजोबा नागपूरहून इथे आले ते १९५६ साली. नवा मध्य प्रदेश झाला, हायकोर्ट जबलपूरला आलं, आणि आजोबांची कारकुनीही त्याच्यामागोमाग आली. तेव्हापासून आम्ही जबलपूरचेच. घरात मराठी, बाहेर हिंदी, आणि गोड दोन्ही भाषांत.

मी एका घाऊक व्यापाऱ्याच्या ऑफिसात हिशेब पाहते. आम्ही अकरा जण आहोत. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जुलैत, माझा रिपोर्ट आला. वजन ७१ किलो, उंची ५ फूट १ इंच. रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी असते, एचबीएवनसी. ती आली ६.१. डॉक्टर म्हणाले, "मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहात. ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा. ६.५ म्हणजे घरात पाऊल."

मग त्यांनी बीएमआय काढला. साडेएकोणतीस. परदेशी तक्त्यात तीसच्या खाली म्हणजे नुसतं 'जास्त वजन'. पण आपल्या भारतीय अंगात चरबी पोटाभोवती साठते आणि कमी वजनातही त्रास देते, म्हणून आपल्याकडे २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. कमरेचा घेरही बाईचा ८० आणि पुरुषाचा ९० सेंटिमीटरच्या आत असावा. माझा किती होता, ते विचारू नका.

"घाबरू नका," डॉक्टर म्हणाले. "पाच किलो उतरवा. पन्नासाव्या वर्षी वीस वर्षांची दिसायचं नाहीये. फक्त पाच किलो."

ते पाच किलो त्यांनी उगाच सांगितले नव्हते. अमेरिकेत अशाच उंबरठ्यावरच्या लोकांना वजन साधारण सात टक्क्यांनी उतरवायला आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालायला लावलं होतं. त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. तो अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडे चेन्नईच्या डॉक्टरांनी असाच प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २००६ साली आले. तिथे फक्त राहणीमान बदलून धोका सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाला. माझ्या ७१ किलोचे सात टक्के म्हणजे पाच किलो.

त्याच जुलैत बातमी पसरली की जिलेबी-समोशावर आता सिगारेटसारखा इशारा छापणार. आमच्या ऑफिसात तर हलकल्लोळ झाला. आमचे मोठे बाबू म्हणाले, "जिलेबीवर इशारा? मग बडा फुहाऱ्यावर मोठी पाटीच लावा!" दोन दिवसांत सरकारनं खुलासा केला की विक्रेत्यांच्या पदार्थांवर असा कुठलाही शिक्का मारायचा नाही. कार्यालयांमध्ये लपलेल्या तेल-साखरेची माहिती देणारे फलक लावा, एवढीच ती सूचना होती. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि त्या आनंदात समोसे मागवले.

मी मात्र एक वही केली. ऑगस्टभर ऑफिसात गोड किती वेळा आलं, ते लिहून ठेवलं.

राखी, पंधरा ऑगस्ट, जन्माष्टमी, गणपती. दोन वाढदिवस. एकाची नवी मोटारसायकल. एकाच्या भाच्याचं बारसं. एका गिऱ्हाइकाचं जुनं बिल फिटलं, त्याचे लाडू. आमचं ऑफिस त्या महिन्यात तेवीस दिवस उघडं होतं, आणि त्यातले चौदा दिवस टेबलावर मिठाईचा डबा होता.

दर वेळी मी दोन तुकडे खायचे. एक देणारा हातात ठेवायचा तो, आणि एक नंतर पाणी प्यायला उठले की. डबा पाण्याच्या जारशेजारी, आणि जार माझ्या टेबलाशेजारी! एका तुकड्याच्या शंभर-सव्वाशे कॅलरी धरल्या, तर महिन्याच्या तीन हजारांहून जास्त झाल्या. ढोबळ हिशेबानं ही जवळपास अर्धा किलो चरबी. शरीर इतकं सरळ गणित करत नाही, हे मला माहीत आहे. पण हिशेबनीस बाईला आकडा दिसला की झोप लागत नाही.

आणि यात चहा धरलेलाच नव्हता. दिवसाला तीन कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे साधारण तीस ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवा, असं सांगितलं आहे. म्हणजे पेढ्याकडे बोट दाखवायच्या आधीच मी चहात हद्द ओलांडली होती.

"एका पेढ्यानं काय होतं?" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. एकानं खरंच काही होत नाही. पण ऑफिसात पेढा एकटा कधी येत नाही.

आईनं कुणाला वाईट वाटू दिलं नाही

तुम्ही म्हणाल, खायचं नाही तर नको म्हणावं, त्यात काय एवढं?

माझ्या आईला विचारायला हवं होतं. तिला चाळिशीतच साखर निघाली. गोळ्या ती वेळेवर घ्यायची, पथ्यही पाळायची, पण ते घरात. हळदीकुंकवाला, मुंजीला, कुणाच्या नव्या घरी गेली की मात्र तिला 'नको' म्हणता यायचं नाही. "अहो, पहिल्यांदाच आलात, तोंड गोड न करता कशा जाल?" एवढं कुणी म्हटलं की तिचा हात पुढे व्हायचा. घरी आल्यावर मी चिडायचे. ती म्हणायची, "अगं, नाही म्हटलं तर त्यांना किती वाईट वाटेल."

आईनं कुणाला वाईट वाटू दिलं नाही. शेवटची दोन वर्षं आठवड्यातून दोनदा डायलिसिस. त्या खुर्चीशेजारी बसून मी किती दुपारी काढल्या, त्याचा हिशेब मी कधी मांडला नाही.

नुसत्या गोडानं आईचं तसं झालं, असं मी म्हणणार नाही. मधुमेहात अनुवंश असतो, वजन, बैठी कामं, झोप, वय, असं बरंच काही असतं. पण 'नको' न म्हणता येणं हाही तिच्या आजाराचा एक भाग होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

म्हणून मी ठरवलं की आपण म्हणायचं. खणखणीत म्हणायचं.

ती जिलेबी

सप्टेंबरपासून मी ऑफिसात गोड पूर्ण बंद केलं. पहिले पंधरा दिवस लोकांनी थट्टा केली. मग आग्रह केला. "दीदी, हमारे हाथ का नहीं खाओगी?" मग हळूहळू सवय झाली. डबा आला की मी स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणायचे, "भैया को दे दो."

भैया म्हणजे आमच्या ऑफिसात चहापाणी करणारे, बँकेत धावपळ करणारे, टपाल पोहोचवणारे. वय पन्नासच्या आसपास, पण ऑफिसात साहेबांपासून पोऱ्यापर्यंत सगळ्यांचे भैया. मला दीदी म्हणतात.

ऑक्टोबरात, दिवाळीच्या थोडं आधी, एका संध्याकाळी महिनाअखेरचे कागद माझ्यासमोर पसरलेले होते. कुणीतरी डबा पुढे केला. वासावरून कळलं, खोवा जिलेबी. गरम होती. तोंडाला पाणी सुटलं, आणि त्या पाण्याचाच राग आला. वर न बघता मी म्हटलं, "नको. बंद केलंय मी. भैया को दे दो."

दोन सेकंद काहीच हललं नाही. मग डबा पुढे गेला.

डबा भैयाच फिरवत होते.

हे मला अर्ध्या तासानं कळलं, मोठ्या बाबूंकडून. भैयांच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. त्यांच्या घरात बारावीच्या पुढे शिकणारी ती पहिली मुलगी. अकरा जणांसाठी खोवा जिलेबी विकत घेणं त्यांच्या पगारात किती बसतं, ते माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? पगाराचा कागद मीच करते.

मी उठून गेले. ते कप विसळत होते. "भैया, मला माहीतच नव्हतं," मी म्हटलं.

"कोई बात नहीं दीदी," ते म्हणाले. "आपकी एक रखी है. घर ले जाना, बच्चों के लिए."

कागदात गुंडाळलेली ती एक जिलेबी, तेलकट डाग पडलेला तो कागद. त्या रात्री माझ्या मुलांनी ती खाल्ली. मला ती दिसत राहिली.

मला साखर नाकारायची होती. मी माणूस नाकारला होता.

आधी माणूस, मग मिठाई

आई कुणाचंही मन मोडायचं नाही म्हणून खायची, आणि मी खायचं नाही म्हणून मन मोडत होते. दोघींनाही एकच गोष्ट वेगळी काढता आली नाही. डबा पुढे करणारा माणूस आपल्याला काहीतरी सांगत असतो. पोरगी पास झाली. घर झालं. नवस फिटला. मिठाई हे त्याचं बोलणं असतं. आपण ते बोलणं ऐकायचं, मिठाई खायची की नाही ते नंतर ठरवायचं.

म्हणून मी एक सवय लावून घेतली. डबा आला की हातातलं काम थांबवायचं. उभं राहायचं. कसला आनंद, ते विचारायचं. मुलगी कुठल्या कॉलेजात, केव्हा जाणार, वसतिगृह मिळालं का? तीन प्रश्न मनापासून विचारले ना, की तुम्ही काय खाल्लं आणि काय नाही, याकडे समोरच्याचं लक्षच राहत नाही. शेवटी म्हणायचं, "मला साखरेचं पथ्य आहे, पण तुमचा आनंद मला पोहोचला."

कधी एक कण मोडून तोंडात टाकते. कधी तेही नाही. पण मान खाली घालून 'नको' मी पुन्हा म्हटलेलं नाही.

उरलेली मिठाई कुठे जाते?

ही गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं.

डिसेंबरात भैया बारीक दिसायला लागले. सगळे म्हणाले, "वा भैया, दीदीचं ऐकून तुम्हीही डाएटवर का?" ते हसायचे. पण जारचं पाणी लवकर संपायला लागलं. ते सारखे जिन्याखाली लघवीला जायचे. पायाच्या बोटाला लागलं होतं, ते तीन आठवडे झाले तरी भरत नव्हतं.

ही तिन्ही लक्षणं मी आमच्या घरात पाहिली होती. वजन आपोआप उतरणं हे दर वेळी कौतुकाचं नसतं.

एका शनिवारी त्यांना घेऊन सरकारी आरोग्य केंद्रात गेले. तीस वर्षांवरच्या कुणाचीही साखर आणि रक्तदाब तिथे मोफत तपासतात, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी मुद्दाम लिहिते. बोटाला सुई टोचली. आकडा आला २८६.

भैया बाकावर बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दीदी, मैं तो मिठाई खरीदता भी नहीं."

मला काय बोलावं ते सुचेना. कारण ते खरं होतं. ते विकत घेत नव्हते. आम्ही देत होतो. अकरा जणांच्या ऑफिसात किलोचा डबा यायचा. आम्ही पथ्यवाले, डाएटवाले, 'भैया को दे दो'वाले. उरलेला सगळा डबा संध्याकाळी त्यांच्याकडे. उरलेला गोड चहाही त्यांचाच. दुपारचं जेवण धावपळीत हुकलं की दोन लाडू खाऊन ते दिवस काढायचे. आम्हाला वाटायचं, आपण किती उदार! खरं तर आम्ही आमची साखर त्यांच्या ताटात ढकलत होतो.

त्यांच्या मधुमेहाला आमचे डबेच कारण, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. त्यांच्या वडिलांनाही होता, असं नंतर कळलं. भारतात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, असं भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसलं, आणि उंबरठ्यावरचे आणखी साडेतेरा कोटी. त्या गर्दीत ते एक, मी एक. फरक एवढाच की मला माझा आकडा वेळेवर कळला होता.

आम्ही काय बदललं

सोमवारी मी मोठ्या बाबूंशी बोलले. भाषण नाही केलं, ऑगस्टची वही त्यांच्यासमोर ठेवली. ते हिशेबाचे जुने जाणकार. पाच मिनिटं पानं उलटली आणि म्हणाले, "ये तो घाटे का सौदा है."

आता आमच्याकडे असं चालतं. तुमच्या ऑफिसाला यातलं जमेल ते घ्या.

वाढदिवस महिन्यातून एकदाच, शेवटच्या शनिवारी, सगळ्यांचे मिळून. खास आनंदाची बातमी असेल तर त्या दिवशी गोड जरूर आणायचं, पण पाव किलो. अकरा जणांत एकेक तुकडा, डबा रिकामा. उरतच नाही, त्यामुळे कुणाकडे ढकलताही येत नाही.

डबा टेबलावर उघडा ठेवायचा नाही. आणणाऱ्यानं स्वतः फिरवायचा, आणि मग झाकण लावून कपाटात. पाण्याच्या जारशेजारी तर अजिबात नाही. दिवसातून दहा वेळा समोर दिसणाऱ्या लाडवाला दहा वेळा नकार देत बसण्यापेक्षा लाडू एकदाच उचलून ठेवणं सोपं.

चहात साखर वेगळी. ज्याला हवी त्यानं घालून घ्यावी. मी दोनाचा दीड चमचा केला, मग एक, मग अर्धा. जिभेला महिनाभर राग होता, नंतर विसरली.

चारची भूक खरी असते. एक वाजता डबा खाल्ला की चारला पोट काहीतरी मागतंच, आणि तेव्हा समोर जे असेल ते आत जातं. म्हणून आता टेबलाच्या खणात फुटाणे आणि शेंगदाणे असतात. हिवाळ्यात जबलपूरचा मटार स्वस्त आणि गोड, आम्ही तो उकडून, वर मीठ-लिंबू टाकून खातो. पेरू असतात. सकाळी घरून उपाशी निघायचं नाही, हेही त्यातच आलं.

'शुगर फ्री' मिठाईच्या नादाला लागू नका. साखर नसली तरी खवा, तूप, काजू असतातच. साखरेच्या एका ग्रॅममध्ये चार कॅलरी, तुपाच्या एका ग्रॅममध्ये नऊ. वजन उतरवण्यासाठी कृत्रिम गोडीवर विसंबू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनंही २०२३ साली सांगितलं. आणि गूळ? गूळ चवीला छान, पण वजनाच्या काट्याला तो साखरेचा सख्खा भाऊच वाटतो.

जे लोक मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेतात त्यांनी मात्र माझं ऐकून जेवण टाळू नये. साखर फार खाली गेली, हात थरथरायला लागले, घाम फुटला, तर त्या क्षणी साखर हेच औषध असतं. असे एक-दोन प्रसंग आले तर डॉक्टरांना सांगा.

आणि शेवटचा नियम, जो आमच्या सगळ्यांत धाकट्या मुलीनं सुचवला. कुणाच्याही वजनावर बोलायचं नाही. वाढलं म्हणून नाही, उतरलं म्हणूनही नाही. भैयांच्या वेळी आम्ही सगळे 'वा वा' करत होतो, ते आठवून सगळ्यांनी माना डोलावल्या.

माझं म्हणाल, तर आठ महिन्यांत ७१ चे साडेसदुसष्ट झाले. पाच किलो अजून व्हायचे आहेत. एचबीएवनसी ५.८. अजूनही उंबरठ्यावरच, पण तोंड बाहेरच्या बाजूला. दिवाळीत दोन आठवडे सगळं ढासळलं होतं, तेही लपवत नाही.

आणि हो, खोवा जिलेबी मी सोडलेली नाही. महिन्यातून एका रविवारी आम्ही दोघं गोलबाजारातून चालत बडा फुहाऱ्यावर येतो. एक जिलेबी, गरम, दोघांत. उभ्यानं, घाईनं, स्क्रीनकडे बघत नाही. बाकावर बसून, बोटं चाटत. ज्याची वाट पाहिली ते गोड खायचं. नुसतं समोर आहे म्हणून आलेलं सोडायचं. एवढा एक फरक मला पुरतो.

संक्रांत

जानेवारीत संक्रांत आली. आमच्या ऑफिसात मी एकटीच मराठी, त्यामुळे तिळगुळाचा मान माझा. दर वर्षी मी लाडू करून नेते आणि प्रत्येकाला म्हणायला लावते, "तिळगूळ घ्या, गोड बोला." हिंदी जिभांवर त्याचं काय काय होतं, ते ऐकण्यातच अर्धी मजा.

या वेळी मी लाडू बोराएवढे केले होते. पहिल्याच टेबलावर एक मुलगा फोनवर होता. मान वर न करता त्यानं हातानंच 'नको' केलं. मला चटकन लागलं. रात्री दहापर्यंत पाक जमवत बसले होते मी! आणि मग ऑक्टोबरातली ती दोन सेकंदांची शांतता आठवली. देणाऱ्याच्या बाजूनं ती किती लांब असते, ते तेव्हा कळलं.

सगळ्यांना देऊन झालं. शेवटी भैयांजवळ आले आणि थबकले. गोळ्या सुरू होऊन महिना झाला होता, बोटाची जखम भरत आली होती. द्यावा की न द्यावा? न दिला तर त्यांना वगळल्यासारखं होईल. दिला तर? आईची ती सगळी हळदीकुंकवं माझ्या हातात येऊन थांबली.

त्यांनीच वाट काढली. डब्यावर अलगद हात ठेवला, झाकण लावलं, आणि इतक्या वर्षांत ऐकून ऐकून पाठ झालेल्या मराठीत म्हणाले,

"दीदी, गूळ नको. गोड बोला."

मग मी काय करणार? खुर्ची ओढली आणि विचारलं, "मुलगी कशी आहे?"

पहिलं सत्र पार पडलं होतं. तिला तिथे साखर मोजायचं यंत्र वापरायला शिकवलं होतं. सुट्टीत आली की पहिली सुई ती बाबांच्याच बोटाला टोचणार होती. हे सांगताना ते इतके खूश होते की त्यांचा चहा निवला, आणि माझाही.